डाव्या हाताचा रस्ता

जानराव गावंडे लॉरी शिकायला अमरावतीला आला तेव्हा चांगला सव्वीस वर्षांचा बाप्या होता. लग्न झालेलं, पदरात एक पोरगी, भातकुलीकडे काळं रान आणि ते कसायला तीन भाऊ. राजापेठेतल्या उत्तमरावांच्या अड्ड्यावर त्यानं “मले मोटार शिकाची हाये” असं सांगितलं, तेव्हा तिथली माणसं हसली. मोटार शिकायची तर मिसरूड फुटायच्या आत यावं, गाड्या पुसता पुसता मोठं व्हावं, असा तिथला रिवाज. हा गडी दहा वर्षं बैलांची बंडी हाकून आलेला.

कापसाची बंडी भरायची आणि अमरावतीला, सरकी वेगळी करायच्या जिनात आणून रिकामी करायची, हेच त्याचं काम होतं. सन छत्तीसच्या हंगामात जिनासमोर बंड्यांची लांबच लांब ओळ लागली होती. एक लॉरी सगळ्यांच्या अंगावर धुरळा उडवत आत गेली, माल टाकून बाहेर आली, आणि दुपार कलायच्या आत दुसरा माल घेऊन परत आली. जानरावची बंडी तोवर चार हात पुढे सरकली होती. घरी जाऊन तो बापाला म्हणाला, “बाबा, बैलं तुमी पाहा. मी लारीवर जातो.” नत्थुजी दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाला, “कौशल्ये, त्याच्या भाकरी बांध.” तेवढीच परवानगी.

उत्तमरावांच्या दोन लॉऱ्या होत्या. मोठी होती ती भगवंतरावांच्या हातात असे. अमरावतीहून मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, खामगाव करत मलकापूरपर्यंत जायचं आणि उलट यायचं, असा तिचा फेरा. कधी रुईच्या गाठी, कधी सरकी, कधी मिठाची पोती. भगवंतराव पन्नाशीचे, उंच, खाकी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला गेले होते आणि फौजेच्या मोटारी हाकत वाळवंट तुडवून आले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. जानरावला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बैल हाकत होतास?”

“हाव.”

“मंग पहिले ते इसर. बैलाले तुहं आयकू येते. याले नाई येत.” आणि त्यांनी लॉरीच्या बॉनेटवर थाप मारली.

पहिले तीन महिने जानरावनं चाकाला हात लावला नाही. लॉरी धुतली, टायरातली हवा पाहिली, सकाळी गार इंजिनाला हँडल मारून मारून तळहाताची सालं काढून घेतली. पाणी कुठलं घालायचं, हे शिकायलाच त्याला महिना लागला. दर्यापूर-अकोटाकडे माल न्यायचा तर अमरावतीहून गोड्या पाण्याचे डबे भरून घ्यायचे. तिकडच्या विहिरींचं पाणी खारं, ते रेडिएटरमध्ये घातलं की आत पांढरा थर धरतो आणि मोटार तापते. जानराव त्याच पाण्यावर वाढलेला. “आमी त हेच पेतो, उस्ताद,” तो एकदा म्हणाला. “तू पे,” भगवंतराव म्हणाले. “तू तापला त झाडाखाली बसवीन. हे तापलं त कोठी बसवू?”

पण या सगळ्यांहून मोठी शिकवण वेगळीच होती. जानराव डाव्या हाताला बसे, उस्ताद उजवीकडे चाकाशी. गाडी सुरू झाली की उस्ताद म्हणत, “बोल.” मग जानरावनं डाव्या बाजूला जे दिसेल ते मोठ्यानं सांगत जायचं. “बंडी हाये, दोन बैलं, गाडीवान झोपेल हाये.” “पुलाचा कठडा आला.” “बाई चालून राहिली, डोक्शावर भारा, तिची पाठ आपल्याकडे हाये.” “शेळ्या. पाच. नाई, सहा.” सुरुवातीला त्याला लाज वाटे. आंधळ्याला सांगावं तसं डोळस माणसाला काय सांगायचं! पण उस्ताद म्हणत, ज्याला रस्ता सांगता येत नाही त्याला गाडी हाकता येत नाही. आणि ते खरंच निघालं. महिन्या-दोन महिन्यांत जानरावला माणसाच्या खांद्यावरून कळू लागलं की हा आता रस्ता ओलांडणार. कुत्रं कुठल्या अंगाला पळेल, कुठला बैल बुजेल, हे तो आधीच सांगू लागला. उस्ताद मान डोलवत. एकदा बाळापूरजवळ त्यांनी समोरची नजर न काढता म्हटलं, “तुह्या डोळ्यात रस्ता बसला, जान्या.” त्या दिवशी जानरावला भाकर गोड लागली.

मग बडनेऱ्याच्या पडीक माळावर त्यांनी त्याला चाकाशी बसवलं. गेर बदलताना क्लच एकदा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. आतली दातेरी चाकं एकमेकांशी जुळली नाहीत तर अशी किंकाळी फुटे की माळावरचे बगळे उडत. ब्रेक लावायची वेळ आली की जानरावच्या तोंडून आपसूक “हो, हो रे” निघे आणि दोन्ही हात कासरा ओढल्यासारखे छातीशी येत. भगवंतराव पोट धरून हसत. संध्याकाळी ते त्याला बडनेऱ्याच्या आपल्या खोलीवर नेत. त्यांची बायको सुभद्राबाई दोघांना वाढत. त्यांना मूलबाळ नव्हतं. “यांनी कोणाले एवढं शिकवलं नाई,” एकदा त्या जानरावला म्हणाल्या. “तुमी दुसऱ्या गाडीवर जाऊ नोका बरं.” तो का जाईल दुसऱ्या गाडीवर? त्याला कळलं नाही.

वर्ष गेलं. सन अडतीसच्या जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मलकापूरहून परत येताना ते अकोल्याच्या एका गाठी बांधायच्या प्रेसमध्ये सरकी भरायला थांबले. आवार लहान, हमालांची गर्दी. उस्ताद खाली उतरले, मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तू घे मांगं. मी सांगतो.” जानराव चाकाशी बसला. “ये, ये, येऊ दे, अजून ये,” उस्तादांचा हात हलत होता. जानराव त्या हाताकडे पाहत गाडी मागे घेत गेला. आणि धाडकन लॉरीचा मागचा कोपरा दगडी खांबावर आदळला. फळी फुटली. खांब उस्तादांच्या डाव्या हाताशी, दोन पावलांवर होता.

जानराव खाली उतरला. काही बोलायच्या आत उस्तादांनी त्याच्या कानफटात लगावली. “डोळे फुटले का बे तुहे?”

वीस-पंचवीस हमाल पाहत होते. कोणीतरी फिसकन हसलं. जानरावला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. सत्तावीस वर्षांचा माणूस, एका पोरीचा बाप. त्याच्या बापानंही मिशी फुटल्यावर त्याच्या अंगावर हात टाकला नव्हता. आणि चूक कोणाची? ये ये कोण म्हणत होतं? त्यानं सरकीची पोती भरली, दोरखंड आवळले, आणि तो डाव्या हाताच्या जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अकोल्याहून मूर्तिजापूरच्या वाटेनं निघाले. गाव मागे पडलं तसे उस्ताद म्हणाले, “बोल.”

जानराव समोर पाहत बसला.

“बोल न बे.”

तरी तो गप्प. उस्तादांनी एकदा मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, दुसरंच काही होतं. ते काय होतं, हे जानरावला पुढे आयुष्यभर आठवून आठवून पाहावं लागलं. उस्ताद आणखी एक शब्द बोलले असते तर कदाचित त्याचं मन पाघळलं असतं. पण तेही मानी. त्यांनी ओठ मिटले आणि गाडी थोडी हळू केली, इतकंच. बोरगाव गेलं. रस्ता मोकळा होता, ऊन कोवळं होतं, दोन्ही अंगांना वेचणी झालेल्या पऱ्हाटीची रानं. काटेपूर्णा नदी अजून पुढे होती.

डावीकडच्या पायवाटेनं एक माणूस म्हशीचं दावं धरून रस्त्याकडे येत होता. पांढरं धोतर, डोक्याला लाल पटका. म्हैस पावलोपावली अडत होती आणि तो पाठमोरा होऊन, तिच्याकडे तोंड करून, मागं मागं चालत तिला ओढत होता. जानरावनं त्याला चांगलं लांबून पाहिलं. हा माणूस असाच पाठीनं रस्त्यावर येणार, हेही त्याला दिसलं. शब्द ओठांवर आला. त्याच वेळी त्याच्या मनात आलं, उस्तादले का दिसत नाई? त्यांचे डोळे फुटले का?

मग म्हैस एकाएकी सैल झाली. माणूस दोन-तीन पावलं लटपटत मागं आला.

धक्का फार मोठा नव्हता. फूटबोर्ड आणि मडगार्ड, बस. उस्तादांनी ब्रेक दाबला, गाडी वीस हात जाऊन थांबली. “काय झालं?” ते म्हणाले. “जान्या, काय लागलं?”

त्या माणसाचं नाव पंजाबराव होतं. दोघांनी त्याला उचलून सरकीच्या पोत्यांवर ठेवलं. रानातून धावत आलेल्या एका शेजाऱ्यानं नाव सांगितलं आणि तो गावात निरोप द्यायला पळाला. उस्तादांनी गाडी मूर्तिजापूरच्या दवाखान्याकडे सोडली. जानराव मागे पोत्यांवर बसला, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन. आता तो उभ्या रस्त्यानं मोठमोठ्यानं ओरडत होता, “बंडी हाये उस्ताद! पूल आला! पोरं हायेत, पोरं!” त्याचा घसा फाटला. पुढे ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे.

मध्येच पंजाबरावांनी डोळे उघडले. “म्हैस?” त्यांनी विचारलं.

“हाये, काका. उभी हाये तठीच.”

“गाभण हाये ते,” पंजाबराव म्हणाले. दवाखाना यायच्या आत ते गेले.

पोलीस येईपर्यंत दोघं दवाखान्याच्या ओसरीवर बसले होते. जानरावच्या धोतरावरचं रक्त वाळत चाललं होतं. तो म्हणाला, “उस्ताद, तुमाले नाई दिसला तो?”

“नाई.”

“येवढा माणूस, लाल पटका...”

“जान्या, माह्या डाव्या डोळ्यानं तीन साल झाले दिसत नाई.” भगवंतराव आपल्या हाताकडे पाहत बोलत होते. “वरून साफ दिसते डोळा. आत कायीच नाई. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं का काचबिंदू हाये, दुसराई जाईन. म्हणून तर तुले बोलाले लावत होतो.”

जानरावला अकोल्याचा दगडी खांब आठवला. सुभद्राबाईंचं बोलणं आठवलं. “मंग मले सांगतलं काहून नाई?”

“सांगतलं असतं त तू माह्याजवळ शिकाले राह्यला असता का? आन् मालकानं एका दिवसात उतरवलं असतं. मले दुसरं काय येते?” मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तुले दिसला होता का तो?”

जानराव म्हणाला, “हाव.”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. बाहेर गाडीभोवती माणसं जमली होती, त्यांचा गलका येत होता. मग ते बोलले. “हे कोणाले सांगू नोको. कोणी इचारलं त सांगजो, ओरडलो होतो, पण वेळ नाई भेटला. तुह्या समोर उमर पडली हाये.”

“उस्ताद, मी...”

“सांगतलं न एकदा!”

फौजदारापुढे भगवंतरावांनी सगळं सांगून टाकलं. डोळ्याचं, तीन वर्षांचं, डॉक्टरचं. एकच गोष्ट सांगितली नाही. पुढे कोर्टात जानरावला साक्षीला उभं केलं. वकिलानं विचारलं, “तुम्ही ड्रायव्हरला सावध केलं होतं?” समोर बाकावर लाल पटक्याच्या घरची माणसं बसली होती. त्यांच्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई होती, पंजाबरावांची बायको जमुना. जानराव म्हणाला, “ओरडलो होतो, साहेब.” भगवंतरावांनी मान खाली घातली. एका डोळ्यानं आंधळा असून गाडी हाकली, माणूस मारला, असा ठपका आला. त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्याच उन्हाळ्यात उत्तमरावांनी जानरावला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शिक्क्याचं लायसन काढून दिलं आणि मोठ्या लॉरीची किल्ली हातात ठेवली. “भगवंतरावांनी निरोप पाठवला आहे,” ते म्हणाले. “गाडी तुलाच द्यावी म्हणून.” कौशल्या पोरीला घेऊन अमरावतीला राहायला आली. नत्थुजीही एकदा येऊन लॉरीत बसून गेला. लोकांना वाटलं, जानरावचं चांगलं झालं. कौशल्याला मात्र समजत होतं की हा माणूस घरात असून नसतो. विचारलं तर म्हणे, “थकलो, बस.”

अकोल्याच्या तुरुंगात तो तीनदा भेटायला गेला. उस्ताद गाडीचं विचारत, रेडिएटरचं विचारत. त्या दिवसाचं दोघांनीही पुन्हा कधी काढलं नाही. सुटून आले तेव्हा त्यांचा उजवा डोळाही मंदावला होता. पुढे लढाई लागली, पेट्रोल मिळेनासं झालं. लॉरीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून तिच्या धुरावर गाडी चालवायचे दिवस आले. तोवर भगवंतरावांना दिवस-रात्रही कळत नव्हती. जानराव फेरा संपला की ज्वारी, डाळ, कधी मलकापूरची केळी घेऊन बडनेऱ्याला जाई. उस्ताद खाटेवर बसून त्याचे हात चाचपत. “कोळशानं काळे झाले असतीन,” म्हणत. “गाडी चढावर दम सोडते का रे?” एवढ्याच गोष्टी. सन त्रेचाळीसच्या पोळ्यानंतर आठ दिवसांनी ते गेले. खांदा द्यायला जानराव पुढे होता. अड्ड्यावरचे लोक म्हणाले, शिष्य असावा तर असा. ते ऐकून तो उठला आणि नदीकाठी जाऊन बसला.

त्यानंतर त्याला गप्प राहणं जमेना. पुढच्याच हिवाळ्यात, अकोल्याहून येताना, त्यानं लॉरी रस्त्याच्या कडेला लावली आणि काटेपूर्णेच्या अलीकडच्या त्या खेड्यात पायी गेला. जमुनाबाई अंगणात तुरी झोडत होती. केस पांढरे झाले होते. त्यानं नाव सांगितलं. तिनं ओळखलं.

“तू तो कोर्टातला.”

“हाव. मी खोटं बोललो होतो, माय. मी ओरडलो नव्हतो. मले तुमचे मालक दिसले होते, लांबूनच दिसले होते. उस्तादनं आदल्या दिवशी मले मारलं होतं, म्हणून मी बोललो नाई. त्यांनी दोनदा सांगतलं बोल म्हणून. मी बोललो नाई.”

जमुनाबाईच्या हातातली काठी थांबली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो वाट पाहत होता, तिनं त्या काठीनं आपल्याला मारावं म्हणून.

“मी त त्या ड्रायवरले सहा साल झाले शिव्या देऊन राहिली,” ती म्हणाली. “रोज, दिवा लावताना. त्याचे दोन्ही डोळे जावो म्हटलं.”

जानराव अंगणातल्या शेंगांकडे पाहत राहिला.

“हाये का तो?”

“नाई. पोळ्यानंतर गेले.”

“डोळे?”

“दोन्ही गेले होते.”

ती खाली बसली. तुरीच्या शेंगांवरच बसली. “मंग आता त्या शिव्या वापस घ्याले मी कोणाजवळ जाऊ?” ती म्हणाली. “त्याची बायको हाये का?”

“हाये. बडनेऱ्याले.”

“मले ने तिच्याजवळ.”

लॉरीत मात्र ती बसली नाही. दोन दिवसांनी मुलाला घेऊन रेल्वेनं बडनेऱ्याला आली. जानराव स्टेशनावर उभा होता. खोलीपर्यंत तो पुढे चालत गेला, सुभद्राबाईंना “पंजाबरावांची बायको आली हाये” एवढं सांगितलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आत काय बोलणं झालं ते त्याला ऐकू आलं नाही. तासाभरानं जमुनाबाई बाहेर आली. दोघीही विधवा, कुंकू लावायचा प्रश्न नव्हता, पण तिच्या ओटीत नारळ होता. सुभद्राबाई दारापर्यंत आल्या, दोघींनी एकमेकींचे हात धरले, सोडले. जानरावकडे दोघींपैकी कोणी पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात तो नेहमीसारखी ज्वारी घेऊन बडनेऱ्याला गेला. सुभद्राबाई दारातच उभ्या राहिल्या.

“आता नोको आणत जाऊ, जानराव.”

“काकू, मी उस्तादलेच सांगतलं होतं, तेव्हाच...”

“ते होते तोवर ते तुमच्या दोघांतलं होतं. त्यांनी पोटात ठेवलं, त्यांचं ते पाहून घेतलं. आता मले माहीत झालं. घास खाली उतरत नाई.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पोतं त्यांनी ओट्यावरून उचलून त्याच्या हातात परत दिलं, त्याला जड होऊ नये म्हणून खालून थोडा हातही लावला, आणि दार लोटून घेतलं.

जानराव त्यानंतरही दोनदा गेला. दोन्ही वेळा आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण कडी निघाली नाही. मग त्यानं जाणं सोडलं. लॉरीवर तो पुढे पुष्कळ वर्षं होता. बडनेरा आणि काटेपूर्णा ज्या वाटेवर लागत, तो मलकापूरचा फेरा त्यानं उत्तमरावांना सांगून बदलून घेतला, आणि नागपूरच्या वाटेला लागला.